बाळाला घेऊन संग्रहालयात

मीरा रोडच्या आमच्या साक्षरता वर्गातल्या बाया पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायला निघालो. तेव्हा एक लेकुरवाळी म्हणाली, "तुम्ही या जाऊन. माझं बाळ पाच महिन्यांचं. तिथं रडलं तर लोक काय म्हणतील?"

आम्ही तिला मागे ठेवले नाही. मूल झाले की बाई दोन-तीन वर्षे कुठे जात नाही. पुढे दुसरे होते. मग पाहायचे ते राहूनच जाते. शिवाय या संग्रहालयाला नाव आहे तेच मुळी एका लहान मुलाचे.

त्याची हकीगत अशी. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर नावाचे गृहस्थ होते. जन्म १८९६ सालचा. त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही करीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. आईबापांना हे दुःख केवढे, ते सांगायला नको. केळकरांनी आपल्या संग्रहाला राजाचे नाव दिले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. गावोगाव हिंडून त्यांनी वस्तू जमवल्या. त्यांची संख्या वीस हजारांच्या वर गेली. १९६२ साली संग्रहालय सुरू झाले. १९७५ साली केळकरांनी ते सारे महाराष्ट्र सरकारच्या हवाली केले. १९९० साली ते वारले.

आता जाण्याचे. मीरा रोडला लोकल धरायची. दादरला उतरून पूल ओलांडायचा. तिथून पुण्याची गाडी. सकाळच्या गर्दीत तान्हे मूल घेऊन लोकलमध्ये शिरू नये, पहाटेच निघावे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचे दूध पुरते. वरचे पाणीसुद्धा लागत नाही. म्हणून बाटल्यांचे ओझे नको. चार लंगोट, दोन झबली, एक दुपटे, एवढे पुरे. संग्रहालय बाजीराव रोडला, शुक्रवार पेठेत आहे. आत जिने चढावे लागतात. बाळगाडी नेऊ नये. कडेवर घ्यावे, नाही तर साडीच्या झोळीत बांधावे. दर अर्ध्या तासाने दुसरीने घ्यावे, म्हणजे आईलाही निवांत पाहता येते. बाळ रडले तर बाहेर जरा फिरवून आणावे. रडणाऱ्या मुलाची लाज कसली!

आत काय आहे? दिवे, अडकित्ते, कुलपे, कोरीव दारे, वाद्ये, स्वयंपाकाची भांडी. पाय घासायच्या वज्रीसुद्धा आहेत. कोणी पक्ष्याच्या आकाराची, कोणी हत्तीच्या. घासायची वस्तू, पण कारागिराने तिलाही रूप दिले! एक बाई म्हणाली, "अगं, असला अडकित्ता आम्ही भंगारवाल्याला दिला की." आमच्या मते तिथे सगळ्यात आधी दिवे पाहावेत. बाळाची नजरही तिथेच खिळली. मस्तानीचा महाल कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारला आहे; तोही पाहावा.

थोडी मोठी मुले बरोबर असली तर त्यांचे हात धरून ठेवावेत. वस्तूंना हात का लावू देत नाहीत? घामात मीठ असते. मीठ धातूला काय करते, हे भाईंदरकडच्या मिठागरांत राबलेल्या माणसांना कळते. एका हाताने काही होत नाही. पण रोज शेकडो हात लागले तर पितळ काळे पडते, लाकडावरचा रंग जातो. उजेडही मंद ठेवतात, तो याच कारणाने. प्रखर उजेडाने कापड आणि रंग विटतात.

प्रत्येक वस्तूजवळ चिठ्ठी असते. आम्ही ती अक्षरे जुळवून वाचली. वेळ लागला, पण कोणी हसले नाही.

घरी परतल्यावर लेकुरवाळीच्या सासूबाईंनी माळ्यावरून एक पितळी बोंडले काढले. पूर्वी त्याने बाळाला दूध पाजीत. आता त्याने पाजायचे नाही, कारण त्याची चोच आतून नीट घासली जात नाही. सुनेने ते चिंचेने लख्ख केले, फळीवर ठेवले आणि कागदावर स्वतःच्या हाताने लिहिले : "हे बोंडले आमच्या आजेसासूबाईंचे. याने माझे सासरे दूध प्याले."