मांजराच्या नजरेतून आपण

मुलांनो, मागच्या महिन्यात लहान गटात ‘आमचे पाळीव प्राणी’ हा पाठ झाला. कुत्रेवाली मुले भरभरून बोलली. मांजरवाल्यांपैकी काहींनी मात्र बाह्या वर करून ओरखडे दाखवले, आणि एका मुलीने विचारले, "आमच्या मनीला मी कळते का? की मी म्हणजे तिला नुसती खाऊ देणारी कोणीतरी?" या प्रश्नामागे कारण आहे. मनी रोज संध्याकाळी आईच्या पायांवर झडप घालते, धाकट्या भावाच्या हाताला तिने दोनदा चांगलेच बोचकारले आहे, आणि ज्या संस्थेतून तिला आणले तिथे परत द्यावे का, यावर त्या घरात सध्या वाद चालू आहे. बाईंनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवला. माझा धंदा सॉफ्टवेअरचा, प्राणिशास्त्राचा नव्हे. पण घरात एक बोका आहे आणि मला वाचनाची खोड आहे, म्हणून यावेळचा पाठ माझ्याकडे आला.

आमच्या धंद्यात एखाद्या यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे दिसत नसेल, तर आम्ही त्याला बाहेरून काहीतरी देतो आणि उलट काय येते ते टिपून ठेवतो. मांजराचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही हेच करतात. मांजर बोलून सांगत नाही, पण त्याचे कान, शेपटी, डोळे आणि पाय पुष्कळ सांगतात.

आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात. नाते खोटे नाही, पण मांजराचे खरे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातली रानमांजरे. ती एकेकटी राहतात, एकेकटी शिकार करतात. माणसाने शेती सुरू केली, धान्याची कोठारे आली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे मांजरे आली. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचे एक थडगे सापडले. ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे सोबत जुनी आहे. पण कुत्र्याचे पूर्वज कळपात राहणारे होते आणि त्याला माणसाने मुद्दाम कामाला लावून घडवले. मांजर स्वतःच्या पायांनी आले आणि फारसे न बदलता राहिले.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाचे जॉन ब्रॅडशॉ यांनी मांजरांचा अनेक वर्षे अभ्यास करून २०१३ साली एक पुस्तक लिहिले. त्यांचे एक निरीक्षण मला फार पटले. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशी एका तऱ्हेने वागतो आणि माणसाशी वेगळ्या तऱ्हेने. मांजराने माणसासाठी अशी वेगळी रीत जवळजवळ केलेलीच नाही. मांजरांनी मांजरांशी वागायच्या ज्या रीती आहेत, त्याच ते आपल्यासाठी वापरते.

आता घरातल्या मांजराकडे पाहा. तुम्ही शाळेतून आलात की ते शेपटी काठीसारखी उभी करून येते. पिल्लू आईकडे असेच जाते. मग ते तुमच्या पोटऱ्यांना अंग घासते. ओळखीची मांजरे एकमेकांना घासतात, तसेच. मांडीवर बसले की पुढचे दोन पाय आळीपाळीने दाबत राहते, अगदी आजी कणीक तिंबते तसे. दूध पिताना पिल्लू आईच्या पोटाशी हेच करते, म्हणजे दूध नीट येते. ‘म्याव’सुद्धा मुळात पिल्लाने आईला मारलेली हाक आहे. मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच म्याव करतात. माणसाशी मात्र ती आयुष्यभर करतात, कारण त्या हाकेला माणूस उठतो हे त्यांच्या ध्यानात आलेले असते.

घुरघुरण्याचीही अशीच गंमत आहे. ससेक्स विद्यापीठाच्या कॅरन मॅककोम्ब यांनी २००९ साली दहा मांजरांची घुरघुर दोन वेळी ध्वनिमुद्रित केली, एकदा ती खायला मागत असताना आणि एकदा नुसती आरामात असताना. दोन्ही आवाज सारख्याच मोठ्याने लोकांना ऐकवले. ज्यांनी कधी मांजर पाळले नव्हते त्यांनाही खायला मागतानाची घुरघुर जास्त निकडीची वाटली. तपासल्यावर दिसले की त्या घुरघुरीच्या आत तान्ह्या बाळाच्या रडण्याशी मिळताजुळता एक उंच सूर दडलेला असतो. पहाटे पाच वाजता कोणाच्या घरी हा सूर वाजतो ते पालकांनी आपापसात ठरवावे.

मग त्या मुलीचा प्रश्न उरतो: मी कळते का? जपानमध्ये अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ साली वीस मांजरांना त्यांच्याच घरी आवाज ऐकवले. आधी तीन अनोळखी माणसे एकामागून एक मांजराचे नाव घेऊन हाक मारत. मांजर हळूहळू दुर्लक्ष करू लागे. मग मालकाचा आवाज आला की कान वळत, डोके वळे. आवाज ओळखला होता. मात्र उठून कोणी आले नाही! मांजर येत नाही याचा अर्थ त्याला ऐकू आले नाही असा नव्हे, एवढे त्यावरून नक्की कळते. २०१९ साली साइतो यांनीच दाखवले की सारख्याच लांबीच्या इतर शब्दांतून मांजर स्वतःचे नाव वेगळे ओळखते.

२०२१ सालचा क्योटोतला प्रयोग तर मला सर्वांत आवडला. मांजर एका खोलीत. बाहेरच्या ध्वनिक्षेपकातून मालकाची हाक आली. लगेच दुसऱ्या क्षणी तीच हाक खोलीच्या आतून आली. मांजरे चकित झाली. याचा अर्थ असा की मालक दिसत नसतानाही तो कुठे आहे याचा नकाशा मांजराच्या डोक्यात असतो, आणि माणूस एका क्षणात भिंतीतून पलीकडे जाणार नाही हेही त्याला ठाऊक असते. तुम्ही जिन्यावरून खाली येत असता तेव्हा डोळे मिटून पडलेले मांजर तुमचा माग ठेवत असते.

आमच्या बोक्याला मराठी समजते असा माझ्या मुलीचा दावा आहे. इतके मी लिहून देणार नाही. पण मांजराशी बोलताना आपला आवाज आपोआप बारीक आणि लाडिक होतो, आणि मालकाचा तो खास सूर मांजरे ओळखतात, असे २०२२ साली फ्रान्समध्ये दिसून आले. अनोळखी माणसाने तोच लाडिक सूर लावला तर मात्र ढिम्म!

प्रेमाबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही, हेही मुलांना कळू द्यावे. लिंकन विद्यापीठात २०१५ साली झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष होता की लहान बाळ जसे आईच्या आधारावर सुरक्षित असते, तसे मांजराचे मालकाशी नाते दिसत नाही. अमेरिकेत ओरेगनमध्ये २०१९ साली पिल्लांवर वेगळ्या पद्धतीने प्रयोग झाला. मालक खोलीत दोन मिनिटे, मग पिल्लू दोन मिनिटे एकटे, मग मालक परत. सुमारे ६४ टक्के पिल्ले मालक येताच शांत झाली, त्याला भेटून पुन्हा खोली पाहायला निघाली. माणसाच्या बाळांतही प्रमाण साधारण एवढेच असते. माझा कौल ओरेगनकडे आहे, पण दोन्ही प्रयोग वाचून मग.

आता बोचकारण्याकडे वळू. मांजराचा खेळ म्हणजे शिकारच. दबा धरणे, मागचा भाग हलवून नेम साधणे, झडप घालणे, पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी लाथा मारणे आणि चावणे, हा सगळा क्रम उंदरासाठी तयार झालेला आहे. हा क्रम सुरू करायला मांजराला फार थोडे पुरते: लहान आकार, झटकन हालचाल आणि मध्येच लपणे. पांघरुणाखाली हलणारा तुमचा अंगठा नेमका हेच करतो. त्यातून एक वीत अंतराच्या आतले मांजराला स्पष्ट दिसत नाही. तिथे ते मिशांवर विसंबते. (वीत म्हणजे पंजा ताणल्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचे अंतर. मोजून पाहा.) म्हणून एकाच मनीला तुमची मांडी आई वाटते आणि तुमचा पाय उंदीर वाटतो, आणि दोन्हींत तिला काही विसंगती दिसत नाही. ती खुनशी नाही, कृतघ्नही नाही.

ब्रॅडशॉ आणि सेरा हॉल यांनी १९९८ आणि २००२ साली खेळावर जे प्रयोग केले त्यांतून दोन उपयोगी गोष्टी कळतात. पहिली, भुकेले मांजर जास्त जोरात खेळते आणि मोठ्या खेळण्यालाही कमी घाबरते. दुसरी, त्याच खेळण्याचा त्याला लवकर कंटाळा येतो, पण थोड्याच वेळात वेगळे खेळणे पुढे आले की ते पुन्हा पेटून उठते. याचे कारण शिकारीतच आहे. खऱ्या उंदराचे केस निघतात, तो फाटतो, बदलतो. आपल्या प्लास्टिकच्या उंदराला काहीच होत नाही, म्हणजे ही शिकार काही जमत नाही असे समजून मांजर ती सोडून देते. मग पालक म्हणतात, इतके पौंड खर्च केले आणि मांजर ढुंकून पाहत नाही. खेळणे नवे आणायची गरज नाही. जुनी पाच-सहा कपाटात ठेवा आणि आळीपाळीने काढा.

खेळवायचे कसे, तर काठीला दोरी आणि दोरीला कापडाचा तुकडा. तो मांजराच्या तोंडासमोर नाचवू नका. कोणता उंदीर मांजराच्या तोंडात चालत येतो? त्याला मांजरापासून दूर पळवा, सोफ्यामागे लपवा, थांबवा, थोडा थरथरवा. दबा धरलेला वेळ मांजराला धावण्याइतकाच प्यारा असतो, तेव्हा ‘हे खेळतच नाही’ म्हणून घाई करू नका. अधूनमधून त्याला पकडू द्या. शेवटी हळूहळू दमलेल्या उंदरासारखे खेळणे मंद करा, पकडू द्या आणि लगेच जेवण द्या. लेझरचा लाल ठिपका मला पसंत नाही, कारण तो कधीच हाती लागत नाही. खेळ संपला की दोरी कपाटात बंद करा. मांजराने दोरी किंवा लोकर गिळली तर आतडी चिरून जीवावर बेतते. आणि हाताच्या बोटांनी कधीही खेळवू नका, विशेषतः पिल्लाला. आज गोड वाटणारे पिल्लू वर्षाने त्याच दातांनी पूर्ण वाढलेले होते.

उलट मांजरही आपल्याला खेळवते. ससेक्स विद्यापीठाच्या जेमा फोरमन यांनी २०२३ साली फेकलेली वस्तू परत आणणाऱ्या १,१५४ मांजरांची माहिती मालकांकडून गोळा केली. त्यांतल्या ९४ टक्क्यांहून अधिक मांजरांना हे कोणी शिकवले नव्हते. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी संपवायचा हेही बहुधा मांजरच ठरवत होते.

बागेत जाणाऱ्या मांजरांसाठीही खेळ कामाचा आहे. एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात पाहिले की रोज ५ ते १० मिनिटे खेळवल्यास मांजराने घरी आणलेल्या शिकारींची संख्या पावपट घटते. भरपूर मांस असलेल्या अन्नाने ती ३६ टक्के घटली. गळ्यातल्या घंटेचा काहीच परिणाम दिसला नाही. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, यावर चर्चा करत बसलेल्या उंदरांनी फारसे काही गमावले नव्हते म्हणायचे!

मनीच्या आई-बाबांना माझे सांगणे असे. मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत चपळ असते. तुमची मनी दिवसभर फ्लॅटमध्ये एकटी झोपते. तिची शिकारीची वेळ होते नेमकी तेव्हा आई ओट्यापाशी पोळ्या लाटत असते आणि घरात हलणारी एकच गोष्ट उरते, आईचे पाय. पोळ्यांच्या आधी दहा मिनिटे दोरीचा खेळ, मग तिचे जेवण, मग तुमचे. झडप घातलीच तर ओरडू नका, मारू तर मुळीच नका. पाय जागच्या जागी स्थिर ठेवा, कारण पळणारा पाय म्हणजे आणखी चांगला उंदीर. भावाने हात नव्हे, काठी धरायची. दोन आठवडे हे करून पाहा आणि मग काय ते ठरवा. एरवी शांत असलेले मांजर अचानक चावू लागले तर मात्र आधी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या, कुठे दुखत असेल.

घरचा अभ्यास. मांजर आरामात बसलेले असताना समोर बसा, डोळे बारीक करा, सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. ससेक्स विद्यापीठात २०२० साली असे केल्यावर मांजरांनीही डोळे बारीक करून उत्तर दिले होते. तुमच्या मांजराने काय केले ते वहीत मराठीत लिहा, तारीख आणि वेळ घालून. ज्यांच्या घरी मांजर नाही त्यांनी शेजाऱ्यांच्या मांजराला विचारावे. लिहिताना ही क्रियापदे वापरा: दबा धरणे, झडप घालणे, बोचकारणे, अंग घासणे, फिस्कारणे, घुरघुरणे, पळणे. ‘मनीने झडप घातली’, ‘मनीने बोचकारले’, पण ‘मनी फिस्कारली’, ‘मनी पळाली’. ‘ने’ कुठे येतो आणि कुठे येत नाही, ते शोधून पुढच्या शनिवारी सांगा.