चिल्ले कलाँ

मुलांनो, समजा, तुमच्या वडिलांची बदली मुंबईहून श्रीनगरला झाली आहे. नोव्हेंबरअखेर तुम्ही सर्वजण तेथे पोहोचता. मुंबईत एक स्वेटर पुरत असे. येथे दोन घालूनही दात वाजतात.

२१ डिसेंबरला शेजारच्या आजी म्हणतात, "आजपासून चिल्ले कलाँ!" चिल्ला म्हणजे चाळीस दिवस, हे तुम्हांला उर्दूमुळे ठाऊकच आहे. कलाँ म्हणजे मोठा. हे चाळीस दिवस सर्वांत कडक थंडीचे. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ले खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्ले बच्चा. आपल्याकडे गावांच्या नावांत येणारा 'खुर्द' तो हाच, म्हणजे लहान. २०२१ च्या जानेवारीत श्रीनगरचा पारा शून्याखाली आठ अंशांच्याही खाली गेला होता.

सकाळी आई नळ सोडते, तर पाणीच नाही. ते आतल्या आत गोठले आहे. गोठताना पाणी फुगते आणि नळ फुटतो. म्हणून शेजारी नळाला गोणपाट गुंडाळतात व रात्री तो थेंब थेंब गळता ठेवतात. मुंबईत गळका नळ दिसला की आई रागावत असे. आता तीच विचारते, "नळ गळतो आहे ना?"

बर्फामुळे जम्मूचा रस्ता बंद पडला की भाजी महागते. आजींच्या घरी मात्र उन्हाळ्यात वाळवलेली वांगी, दुधी, टोमॅटो असतात. कोकणात पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी भरून ठेवतात, तसेच हे.

आजी तुम्हांला फेरन घालायला देतात. फेरन म्हणजे गुडघ्यांपर्यंतचा सैल झगा. त्याच्या आत कांगडी धरायची. विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात राख आणि निखारे! अशी ऊब मोठ्या शेगडीनेही मिळत नाही.

पण येथेच सावध राहायला हवे. बंद खोलीत कोळसा जळला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते आणि झोपलेला माणूस उठतच नाही. असे वाटले तर लगेच दारे-खिडक्या उघडा, सर्वांना मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांना बोलवा. बाहेर बर्फ पडत असला तरी!

आजींनी हे पहिल्याच दिवशी सांगितले आहे. म्हणून रात्री तुम्ही कितीही विनवणी केली, तरी आई कांगडी उचलते, अंगणात नेऊन ठेवते आणि तुमच्या अंगावर आणखी एक रजई घालते.