शिरगणतीचा जमाखर्च
घरखर्च दरमहा थोडाफार सारखाच असतो. लग्नकार्याचे वर्ष मात्र निराळे. आपल्या देशाच्या जनगणना खात्याचे असेच आहे. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशभर एकाच सुमारास शिरगणती होत आली. त्यामुळे या खात्याचा खर्च गणनेच्या वेळी भरतीसारखा चढतो व मागाहून ओसरतो. एकाच वर्षाचा आकडा पाहून खाते उधळे की काटकसरी, हे ठरविता येत नाही.

२०११ च्या गणनेस सुमारे २,२०० कोटी रुपये लागले. लोकसंख्या १२१ कोटी भरली. म्हणजे माणशी १८ रुपये. सुमारे २७ लाख माणसे घरोघर हिंडली. त्यांत आम्हां शिक्षकांचाच भरणा मोठा, हे सांगावयास नकोच!

पुढील गणनेसाठी डिसेंबर २०१९ मध्ये ८,७५४ कोटी मंजूर झाले. पण २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने काम थांबले. २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात ३,७६८ कोटींची तरतूद होती, ती २०२५-२६ मध्ये ५७५ कोटींच्या आत आली. ही ओहोटी खोळंब्याची होय. मंजुरी वेगळी आणि प्रत्यक्ष खर्च वेगळा, हेही येथे ध्यानात येते.

डिसेंबर २०२५ मध्ये २०२७ च्या गणनेसाठी ११,७१८ कोटी मंजूर झाले. लोकसंख्या १४५ कोटी धरल्यास माणशी सुमारे ८१ रुपये पडतात. मध्यंतरी रुपयाचे मोलही घटले आहे. महागाई वजा जाता खरी वाढ किती उरते, हे उदाहरण वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी सोडवून पाहावे.