पाण्यापावसाचं विचारलं, मनाचं राहून गेलं

त्या वर्षी पोळ्याच्या तोंडावर माझ्या धाकट्या भावानं बैलजोडी विकली. दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आमचं वावर. विहिरीचं पाणी खारं, सगळी मदार पावसावर. सोयाबीन हातचं गेलं होतं, पीककर्ज थकलं होतं. पण तसं तर निम्म्या गावाचं होतं, म्हणून मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. खरं तर वेगळं बरंच होतं. त्याची झोप उडाली होती. पारावर जाणं त्यानं सोडलं होतं. बाबांचं घड्याळ त्यानं माझ्या मुलाला देऊन टाकलं होतं.

एका रात्री त्याचा फोन आला. "ताई, पोराईकडे ध्यान ठेवजो."

मी शिक्षिका. बोलायची सवय, ऐकायची नाही. पंधरा मिनिटं मी त्याला समजावलं. बाबांनी याहून वाईट दिवस काढले, हिंमत धर, लेकरांकडे पाहा. तो नुसता "हाव, हाव" म्हणत राहिला. दुसऱ्या दिवशी भावजय म्हणाली, आज लय दिवसांनी शांत वाटतात, पोटभर जेवले. मला वाटलं, माझं समजावणं लागू पडलं. खूप दिवसांच्या घालमेलीनंतर माणूस एकाएकी शांत झाला, की उलट जास्त सावध व्हायचं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. शेजाऱ्यांनी वेळेत दवाखान्यात नेलं म्हणून तो वाचला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात नातेवाइकांची पहिली कुजबुज पोलीस केसची होती. "चुकून झालं असं सांगा," कुणीतरी म्हणालं. याच भीतीनं कितीतरी घरं खरी गोष्ट डॉक्टरपासून लपवतात. पण 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे. जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच तो कायदा धरून चालतो. त्याला शिक्षा नाही, उलट त्याचे उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे.

मग समुपदेशक बाई आल्या. खाटेजवळ स्टूल ओढून त्यांनी सरळ विचारलं, "भाऊ, मरायचा विचार अजून येतो का?" मी दचकले. नसतं कशाला सुचवतात? भावाच्या डोळ्यांना धार लागली. "रोजच येते जी. पन आजवर कोनं इचारलंच नाही."

पाऊस किती झाला, कापसाला भाव काय लागला, सगळं मी विचारलं होतं. एवढं सोडून.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. शंका आली तर सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही. असेल तर त्याला बाहेर पडायला वाट मिळते. उत्तर "हो" आलं तर घाबरू नका, रागावू नका, शपथा घालू नका. "कवापासून वाटते असं?" एवढं म्हणा आणि गप्प बसून ऐका. "कोनाले सांगजो नको" असं तो म्हणाला, तरी तसा शब्द देऊ नका.

दुसरं, त्याला एकटं सोडू नका आणि घातक वस्तू त्याच्या हाताजवळ ठेवू नका. फवारणीचं औषध घरात नको, ते कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. ती टोकाची घडी बरेचदा थोड्या वेळाची असते. ती टळली की माणूस सावरू शकतो.

तिसरं, त्याला मदतीपर्यंत स्वतः घेऊन जा. अमरावतीत इर्विन रुग्णालय आहे, अकोल्यात सर्वोपचार. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानस या फोनसेवेचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीवावरचा धोका समोर दिसत असेल तर 108 किंवा 112 लावा.

आणि घरी आणलं म्हणजे संपलं असं समजू नका. दवाखान्यातून सुटल्यानंतरचे आठवडे फार नाजूक असतात. गोळ्या, फेरतपासणी, रोजची विचारपूस यात खंड नको. कर्जाचा कागद घेऊन त्याच्यासोबत बँकेत जाणं हासुद्धा आधारच.

हे काम फक्त डॉक्टरांचं नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या 30 खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली, ती घरोघरी गेली, बोलली, गरज पडली तिथे डॉक्टरपर्यंत पोचवलं. आधी नैराश्यातल्या 100 जणांमागे जेमतेम 4 जण मदत घ्यायचे, दीड वर्षात ते 27 झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आलं. 2017 मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

भावाला सावरायला वर्ष गेलं. वावर तेच, पाणी अजून खारंच. यंदा उलंगवाडीच्या सुमारास त्याचा फोन आला. पारावर येईनासा झालेल्या एका मित्राबद्दल बोलत होता.

"मंग मी त्याले सरळ इचारलं, ताई."

"काय म्हणाला?"

"काही नाही बोलला. लय रडला. उद्या सकाळच्या एस्टीनं दोघं इर्विनले येतो. तू डबा आनजो."