एक्स, के, एस, ए म्हणजे गोंदिया

१ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला आणि त्याच वर्षी मी गोंदियात टायपिंगचं दुकान टाकलं. सुरुवातीचे काही महिने तर लोकांच्या जुन्या अर्जांतलं ‘जिल्हा भंडारा’ काढून ‘जिल्हा गोंदिया’ करण्यातच गेले. मग लग्नपत्रिका आल्या, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांची पत्रकं आली, झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती आल्या, राईस मिलची दरपत्रकं आली. अठरा वर्षं डोळ्यांनी साथ दिली. रातांधळेपणापासून सुरू झालेल्या, डोळ्यांच्या पडद्याच्या आजारानं आधी कडेची नजर नेली, मग हळूहळू मधली.

आता स्क्रीन मला ऐकू येते. मी वापरतो तो स्क्रीन रीडर एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं २००६ मध्ये तो लिहायला घेतला, पुढे जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला, आणि आजही तो वापरायला पैसे पडत नाहीत. म्हणून तो माझ्यापर्यंत पोचला. त्याची आणि वर्डची गाठ घालून देताना जे कळत गेलं, ते इथे मांडतो.

१. माझ्या फायली मराठीत नव्हत्याच, हे मला अठरा वर्षांनी कळलं. मुलीनं एनव्हीडीए बसवून दिला त्या संध्याकाळी मी तिला एका मंडईचं जुनं पत्रक उघडायला सांगितलं. माझ्या हातचं, मला तोंडपाठ असलेलं. यंत्रानं जे वाचलं ते कुठल्याच भाषेत बसेना. वाटलं, बसवण्यातच काही चुकलं असेल. मग बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकलं: एक्स, के, एस, ए, एफ, एन, सेमिकोलन, के. दुसऱ्यांदा ऐकताना माझी बोटं टेबलावर आपोआप हलली आणि मी चमकलो. ‘गोंदिया’ टाइप करताना मी ज्या कळा दाबायचो त्याच या कळा, त्याच क्रमानं.

मी वापरायचो त्या कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात; फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं रूप चढवतो. डोळ्यांना रूप दिसतं. स्क्रीन रीडर पोटातलं वाचतो. ‘मराठी’ हा शब्द त्याला ई, जे, के, बी, एच असा लागतो. तो फॉन्ट छापखान्यासाठी होता आणि छापलेला कागद उत्तमच निघायचा, त्यामुळे त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. युनिकोडमध्ये मात्र म ला म चाच क्रमांक असतो, म्हणून तो म म्हणूनच उच्चारला जातो. जुन्या फायली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. त्यांतून काढल्यावरही रफार आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसलेल्या सापडतात, म्हणून प्रत्येक पान पुन्हा कानांनी तपासावं लागतं. गावोगावच्या लोकांनी टाइप करून घेतलेल्या वंशावळी, आठवणी, भजनांच्या वह्या माझ्याकडे आहेत. रोज दोन-तीन पानं होतात.

२. वेलांटी बोलण्यात नंतर येते, पण आयुष्यभर मी ती आधी टाकत आलो होतो. मी वापरायचो त्या रेमिंग्टन पद्धतीच्या कीबोर्डवर अक्षर जसं डावीकडून दिसतं तसं टाइप करायचं. ‘दिवा’ लिहायचा तर आधी ऱ्हस्व वेलांटी, मग द. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी, म्हणजे तोंडातून जसं निघतं तसं. युनिकोडसाठी मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकायला घेतली. तिच्यात मात्रा आणि स्वर बहुतेक डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या. क ची कळ शिफ्टबरोबर दाबली की ख, ग ची कळ तशीच दाबली की घ, त ची दाबली की थ. न बघता टाइप करणाऱ्या माणसाला ही मांडणी फार सोयीची.

एक गोष्ट हाताला लागली तेव्हा भरून आलं. कीबोर्डवर बोटांना खूण कळावी म्हणून दोन कळांवर बारीक उंचवटा असतो, एफ आणि जे. रेमिंग्टनमध्ये त्यांच्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि र. इनस्क्रिप्टमध्येही ऱ्हस्व वेलांटी आणि र. बाकी जवळजवळ सगळी वस्ती उठून गेली, ही दोन घरं मात्र जागेवर राहिली. तिथून मोजत मोजत मी बाकीच्या कळा शोधल्या. तरी ‘दिवा’चा क्रम बोटांतून जायला चार-पाच महिने लागले.

३. ठळक केलं म्हणजे मथळा होत नाही. सगळ्यात जास्त हलवलं ते या गोष्टीनं, म्हणून तिच्याजवळ जरा थांबतो. अर्जुनी मोरगाव भागातल्या एका निवृत्त गुरुजींचं मामा तलावांवरचं हस्तलिखित मी पूर्वी टाइप केलं होतं. माजी मालगुजारी म्हणून ‘मामा’ म्हटले जाणारे आपल्याकडचे हे तलाव, कोहळी समाजानं बांधलेल्या पाळी, पाण्याचे पाट, गावोगावच्या कहाण्या. मथळे मी हौसेनं सजवले होते: अठरा पॉइंट, ठळक, मध्यभागी, खाली रेघ. आमगावकडचा एक कॉलेजातला मुलगा माझ्याकडे येतो. जन्मापासून अंध, स्क्रीन रीडर वापरण्यात माझा गुरू. त्याला मी ती युनिकोड केलेली फाईल अभिमानानं दिली. त्यानं इन्सर्ट-स्पेस दाबून ब्राउझ मोड लावला, मग एच दाबला. एच म्हणजे पुढच्या मथळ्यावर ने. यंत्र म्हणालं, पुढे मथळा नाही. शेकडो पानांत एकही मथळा नाही.

“काका,” तो म्हणाला, “हे तुम्ही रंगवलं हो, लिहिलं नाही.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्याला नवेगावबांध तलावाचं प्रकरण हवं होतं आणि तिथे जायला वाट नव्हती. पहिल्या ओळीपासून ऐकत जाणं एवढाच मार्ग. डोळस माणूस पानं फरफर उलटून ठळक ओळ पकडतो, ती सोय मी कानांनी वाचणाऱ्यांसाठी केलीच नव्हती. त्या रात्री मी पहिल्या प्रकरणाच्या नावावर जाऊन कंट्रोल, ऑल्ट आणि १ दाबलं. यंत्र बोललं, ‘हेडिंग लेव्हल वन’. पोटप्रकरणाला त्याच दोन कळांबरोबर २. लिबरऑफिसमध्ये नुसतं कंट्रोल आणि १ चालतं. तेही फुकट आहे आणि एनव्हीडीए तेही वाचतो. सगळे मथळे झाल्यावर इन्सर्ट-एफ७ दाबलं तर तलावांची अख्खी यादी समोर उभी राहिली, जणू पाळीवर चढून खालचा मुलूख पाहावा तशी. ते नजर असतानाही मला कधी दिसलं नव्हतं.

याच पुस्तकानं आणखी एक दाखवलं. नाव पानाच्या मध्यावर यावं म्हणून मी वर दहा-बारा वेळा एंटर मारायचो. आता तेच ‘ब्लँक, ब्लँक, ब्लँक’ असं कानावर आदळतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं की फाईल संपली. नवं पान हवं तर कंट्रोल-एंटर, अंतर हवं तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये. हे दोन बदल केले आणि शंभरएक ब्लँक गेले.

४. यंत्राला सगळं बोलायला लावलं की काहीच ऐकू येत नाही. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट-कंट्रोल-डी दाबलं की कागदातलं काय काय सांगायचं याची यादी उघडते: फॉन्ट, आकार, रंग, ओळीची जागा, तक्ता, मथळा, पान क्रमांक, शुद्धलेखनाची चूक. पहिल्या दिवशी मी सगळ्यांवर खूण केली. फॉन्टचं नाव, पॉइंट, ‘सेंटर’ हे शब्द कानावर पडले की दुकानात बसल्यासारखं वाटायचं, म्हणून दोन दिवस तसंच ठेवलं. पण वाक्य त्याखाली दबून जायचं. आता मी मथळे, तक्ते, याद्या, पान क्रमांक आणि चुका एवढंच ठेवलंय. फॉन्ट विचारायचाच झाला तर त्या जागी इन्सर्ट-एफ. टाइप करताना अक्षर-अक्षर बोलणं इन्सर्ट-२ नं बंद केलं, शब्द बोलणं इन्सर्ट-३ नं चालू ठेवलं. हा माझा मेळ. तो कॉलेजातला मुलगा याच्या नेमकं उलट ठेवतो आणि माझ्या दुप्पट वेगानं ऐकतो.

५. एकच लिपी असली तरी आवाज एक नसतो. आमच्याकडे एकाच पानावर मराठी, हिंदी आणि कधी पोवारी बोली असते. सीमेच्या एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव, दोन्हीकडे हिंदी, त्यामुळे ते चालायचंच. अनेक जण देवनागरी हवी म्हणून विंडोजमध्ये हिंदी कीबोर्ड बसवून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. वर्ड तुम्ही ज्या कीबोर्डनं टाइप कराल ती भाषा मजकुराला लावून ठेवतो, त्यामुळे माझी सगळी मराठी आतून ‘हिंदी’ होती आणि भाषेप्रमाणे आवाज बदलण्याची सोय चालू असली की ती हिंदी वळणानं वाचली जायची. शब्द कळायचे, पण आपल्या घरात कुणी पाहुणा पोथी वाचतोय असं वाटायचं. मराठी कीबोर्ड वेगळा बसवला, जुना मजकूर निवडून भाषा मराठी केली. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ई-स्पीक आवाजात मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, सुरुवातीला कानाला टोचतो, नंतर सवयीचा होतो.

पोवारीला मात्र आवाजच नाही. एका आजीनं सांगितलेली लग्नातली पोवारी गाणी माझ्या संग्रहात आहेत. मी ती मराठी आवाजात ऐकतो. शब्द येतात, हेल येत नाही. झाडीबोलीतल्या नाटकांच्या संहितांचंही तेच. मोठ्या भाषांची कामं होतात तशी याचीही कुणीतरी करावीत, असं मला मनापासून वाटतं. तोवर निदान मजकूर युनिकोडमध्ये असू दे, म्हणजे उद्या आवाज आला तर त्याला वाचायला काहीतरी असेल.

६. चौकटीतला मजकूर आवाजाच्या वाटेत येत नाही. पत्रिकेत मुहूर्त आणि स्थळ मी सुंदर टेक्स्ट बॉक्समध्ये टाकायचो. वाचत जाताना यंत्र त्या तरंगत्या चौकटींना वळसा घालून पुढे निघून जायचं, म्हणजे लग्न आहे पण केव्हा आणि कुठे ते नाही. आता तारीख साध्या ओळीत. चित्र टाकलं तर ते ओळीतच बसवतो आणि त्याचं वर्णन लिहितो. ‘फोटो’ असं नुसतं लिहून उपयोग नाही. ‘नवरदेवाच्या आजोबांचा फेट्यातला फोटो’ असं लिहिलं की ऐकणाऱ्याला आजोबा भेटतात. दरपत्रकात एचएमटी, जय श्रीराम अशी तांदळाची नावं आणि पुढे भाव मी स्पेस मारून जुळवायचो. खरा तक्ता केला, पहिली ओळ शीर्षकाची ठरवली, घरं एकमेकांत जोडली नाहीत. आता कंट्रोल-ऑल्ट आणि बाण दाबत कुठल्या जातीचा काय भाव ते सरळ विचारता येतं.

७. फाईल असूनही ती न देण्यामागे कधीकधी दुष्टपणा नसतो, नुसतं माहीत नसतं. एका कार्यालयाकडून मला माझ्या कामाचा आदेश पीडीएफमध्ये आला. छापून, सही करून, स्कॅन केलेला. फाईल उघडली तर यंत्र गप्प. त्याच्या दृष्टीनं ते पान म्हणजे एक चित्र. मुलगी गावाला गेली होती, आठ दिवस मी माझ्याच कामाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेतला नाही, हट्टानं. मग फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “स्पष्ट तर दिसतंय, साहेब.” मी सांगितलं की मला दिसत नाही. थोडा वेळ काहीच बोलणं झालं नाही. मग त्यांना सांगितलं की २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा माहिती सुगम स्वरूपात द्यायला सांगतो, आणि हेही सांगितलं की मला कायदा नको, ज्या फाईलवरून प्रिंट काढली ती हवी.

दुसऱ्या दिवशी वर्डची फाईल आली. उघडली, आणि यंत्र पुन्हा बोललं: एक्स, के, एस, ए.

मी ती बदलली. रफार जागेवर आणले, तक्ता सरळ केला, विषय आणि संदर्भ यांना मथळे लावले आणि त्यांनाच परत पाठवली. सोबत लिहिलं, ही फाईल आता माझ्यासारख्यालाही वाचता येते, पुढचा आदेश याच्यावरच टाइप केला तर बरं होईल. उत्तर आलं नाही. दीड महिन्यानं पुढचं पत्र आलं. युनिकोडमध्ये. ‘जिल्हा गोंदिया’ हे शब्द मी पहिल्या ओळीत तीनदा ऐकले. विषयाची ओळ मात्र अजून नुसती ठळक केलेली आहे. त्या बाबूंना मी सोमवारी फोन करणार आहे.