आयोवातल्या खापरपणजोबांचा माग

प्रश्न : माझे जावई अमेरिकन आहेत. त्यांचे खापरपणजोबा १८७०च्या सुमारास आयोवात शेती करत. त्यांचे आईवडील कोण, हे कसे शोधावे?

उत्तर : जनगणनेपासून सुरुवात करा. १८५०पासून घरातल्या प्रत्येक मुक्त व्यक्तीचे नाव, तर १८८०पासून कुटुंबप्रमुखाशी नातेही नोंदलेले आढळते. १८९०ची बहुतेक पाने १९२१च्या आगीमुळे गेली. ती उणीव काउंटी कोर्टातील मृत्युपत्रे व खरेदीखते भरून काढतात. खापरपणजोबा अमेरिकेच्या यादवी युद्धात लढले असल्यास तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातून पेन्शनची फाइल मागवा. आयोवाच्या १९२५च्या राज्य जनगणनेत तर आईवडिलांची नावे व आईचे माहेरचे आडनावही विचारले होते. त्यात खापरपणजोबा नसले, तरी त्यांचे धाकटे भाऊबहीण शोधा. आडनावाची वेगवेगळी स्पेलिंग जरूर तपासा. चिकाटी सोडू नका!