यंत्राचा हात आणि मानेचा कणा

गर्भावस्थेंत पाठीच्या कण्याच्या जागीं नोटोकॉर्ड नांवाची एक मऊ दोरी असते. पुढें मणके बनतात व ती लोपते. परंतु तिचे अवशेष क्वचित् मागें राहून त्यांतून कॉर्डोमा ही कर्करोगाची गांठ उद्भवते. दरवर्षीं १० लाखांत सुमारें एकासच ती होते. गांठ फुटल्यास तिचे कण पसरून ती पुन्हां वाढूं शकते. म्हणून ती अखंड काढणें इष्ट. पण ती मानेच्या दुसऱ्या मणक्यांत असली, तर जवळच मज्जारज्जु व मेंदूस रक्त नेणाऱ्या धमन्या! तेथें हात पोहोंचावा कसा?

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शल्यवैद्यांनीं २०१७ सालीं हें कार्य तीन टप्प्यांत केलें. प्रथम मानेच्या मागून गांठीभोंवतालचें हाड कापिलें. नंतर तोंडावाटे यंत्राचे बारीक हात घालून गांठ काढिली. शेवटीं रोग्याचेंच हाड व सळया बसवून कणा सांधिला. यास २० तासांहून अधिक वेळ लागला.

आमच्या विद्यार्थ्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी, असें आम्हांस वाटतें. हें यंत्र स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. शल्यवैद्य जशीं बोटें हालवितो, तशींच त्याचीं उपकरणें हालतात. यंत्र हाताचा कंप गाळितें. कोठें कापावें व कोठें थांबावें, हें मात्र माणसाचें ज्ञानच सांगतें.